मामांचं एफ-वन

सुरत, रविवार संध्याकाळ

सुट्टी. खोलीतले पोरं बाजारात गेले, मी लॅपटॉपसमोर. लॅपटॉपच्या आत जुना कॉम्प्युटर चालवणारा माझा प्रोग्राम शेवटी जमला. डॉस चालू झालं! काळा पडदा, पांढरी अक्षरं. नववीत शाळा सुटलेल्याले एवढं जमलं, बरं वाटलं.

लगेच मामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याच शेजारी बसून, ते कामाला होते त्या खामगावच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात मी पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला होता. वाटलं, खूश होतील. तर म्हणतात, "चांगला आहे. पण हा आपला नाही बे."

"काऊन मामा?"

"आपला असा सरळ कुठं चालू होये? एफ-वनचं बटण दाबा लागे ना!"

खरंच की. ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरची घड्याळ चालवणारी बॅटरी मेलेली होती. रोज सकाळी तारीख विसरून अडून बसे, अन् मामा अगरबत्ती लावून एफ-वन दाबत. नवी बॅटरी कोणी टाकलीच नाही. अन् मी माझ्या प्रोग्राममधलं घड्याळ बिनचूक चालावं म्हणून इतके दिवस डोकं फोडत होतो! काढूनच टाकलं घड्याळ. पुन्हा चालू केलं, अन् अडलं. 'एफ-वन दाबा.'

मामा एवढे हसले की मामी स्वयंपाकघरातून धावत आली. "हाव, आता झाला आपला! थांब, तू दाबू नको. दिवाळीले घेऊन ये, मी दाबतो."

जेवण झालं, तरी पडद्यावर तीच ओळ. बोट शिवशिवतंय. दाबलं तर त्यांना काय कळणार आहे? पण नाही दाबलं. लहानपणी एवढा हट्ट करायचो, तेव्हाही त्यांनी कधी दाबू दिलं नव्हतं.