गॅसच्या खोलीला एक माणूस

४ फेब्रुवारी १९५७, सोमवार
मिळालं काम! बारामतीच्या भाजी-फळ सोसायटीला बटाट्यासाठी थंड गुदाम बांधायचंय. चेअरमन मोहनराव स्वतः इंदापूरला घरी आले. "सायेब, अंदाजपत्रक तुमीच करा. पुण्याचा इंजिनेर आमाला परवडत न्हाय." कालवा खात्यात तीस वर्षं ओव्हरसियरकी केली, एक गुदाम काय जड आहे? फी घेणार नाही म्हणालो. घरी हिचा चेहरा पडला. पडू दे!

९ फेब्रुवारी
जागा पाहिली. दगड, चुना, पत्रे, लाकडाचा भुसा — सगळे दर तोंडपाठ. गार करायचं यंत्र अमोनियावर चालतं. हा गॅस दाबाखाली पातळ करून लोखंडी नळकांड्यांत भरलेला येतो. त्या साठ्याला वेगळी खोली, गुदामापासून पन्नास फूट लांब धरली. गॅस सुटला तर बटाटे नासायला नकोत.

१३ फेब्रुवारी
बांधकाम एकोणचाळीस हजारांत बसवलं! सोसायटीकडे चाळीस आहेत. कुणी करून दाखवावं.

१६ फेब्रुवारी
चालवायचा खर्च मात्र ऐकत नाही. सभासदांची अट — वर्षाला सहा हजारांच्या आत, नाहीतर बेत रद्द. माझे होतात सहा हजार सहाशे नव्वद. इंजिनाचं तेल कमी होत नाही, गॅसही लागेल तेवढा लागणारच.

दत्तोबा मिस्त्रीला विचारलं. पुण्याच्या एका बर्फखान्यात बारा वर्षं होता. म्हणाला, गॅसच्या खोलीला दोन माणसं पाहिजेतच, दोघांना गॅसपासून बचावाचे दोन मुखवटे. "येक आत, येक दाराशी. आतला पडला तर वढून काडायला कोन?" बोलताना सारखा खोकत होता. या मिस्त्री लोकांना माणसं जास्तच लागतात!

महिना साठ रुपये, वर्षाचे सातशे वीस. दुसरा माणूस काढला. पाच हजार नऊशे सत्तर! माणूस एकच, मग दुसरा मुखवटा तरी कशाला? तोही खोडला.

१७ फेब्रुवारी
शाईनं नक्कल काढली. पाठ धरली.

२४ फेब्रुवारी, रविवार
सभेत मंजूर! एकही हात खाली नव्हता. मोहनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "सायबांनी फी घेतली न्हाय, पर आमी त्यांचा मान ठेवल्याबिगर ऱ्हानार न्हाय." शाल असेल. नको म्हणणार नाही.

परतताना सणसरला लेकीकडे उतरलो. जावई रावजी मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरीच आहेत. कौसल्या वाढता वाढता म्हणाली, "आबा, मोहनरावांकडं यांच्यासाठी एक शब्द टाका की." मी कुणाकडे शब्द टाकत नाही. तसं सांगितलं. ती रुसली.

२ जून
गॅसच्या खोलीवर पत्रे चढले. भिंत अगदी ओळंब्यात!

११ ऑगस्ट
रावजी पेढे घेऊन आले. "मामा, सोसायटीनं तुमचा मान ठेवला! गॅसच्या खोलीवर मला नेमलं. पयल्या तारखेपास्नं." ही देवापुढे साखर ठेवायला धावली. मी पेढा खाली ठेवला आणि अंदाजपत्रकाचा कच्चा कागद शोधला.

उद्या बारामतीला जाऊन दुसरा माणूस मागायचा. मोहनराव विचारणारच — सायेब, तवा येक पुरत हुता, आता काय झालं?

लाज वाटते. तेव्हा तिथं उभा राहणारा माझा कुणी नव्हता, एवढंच.