नाव बदललं तरी पाणी तेवढंच

३ फेब्रुवारी १९९३
दिलीपच्या क्लासमध्ये आज लिस्प, ही कॉम्प्युटरची भाषा, थोडी डोक्यात शिरली. फंक्शनला आठवण नसते. तेच दिलं की तेच परत देणार. माणसांचं असं असतं तर!
आमचं लग्न वैशाखात. तोवर दि. आणि मी माझ्या गावच्या, झरीच्या चारीची पाणीपाळी, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या रानाला किती तास, ते कॉम्प्युटरवर बसवतोय. प्रोग्राम त्याचा, तपासणी माझी.

९ फेब्रु.
दि.नं दिलेली उदाहरणं सगळी जुळली. कंटाळा. मग सुचलं, उदाहरणं कशाला? आपण नियम लिहायचा, यादीतली नावं न् एकर मशीननंच वाटेल तसे घ्यायचे. पहिला नियम: सगळ्यांचे तास मिळून पाळीएवढेच. दुपारभर चालवलं, कुठं अडलं नाही. लय मजा.
दि. म्हणाला, "बेरीज जुळायलीय, बास की."

१४ फेब्रु., रविवार
झरीला. आमचं रान चारीच्या शेपटाला. शेजपाळीत, म्हणजे ओळीनं पाणी देताना, पहिलं पाणी शेपटाला द्यायची रीत त्यासाठीच, नाहीतर वरचेच सगळं ओढून घेतात. आबा खूश. "मशीन कुणाचं तोंड बघत न्हाई. अन् माज्या पोरीनं केलंय." मशीनला हो म्हणायला बैठकीत पहिला हात त्यांचाच वर.

१७ फेब्रु.
दुसरा नियम: रान तेवढंच, फक्त नावं बदलली, तर तास बदलू नयेत. लगेच फुटला. वाटलं, माझंच चुकलं. एकेक नाव काढत गेले, फुटतोय तोवर. दोनच उरली. एक दि.चे मामा, त्यांचंही रान याच चारीवर. दुसरा शेपटाचा, मग तो कुणीही असो. म्हणजे आबा.
ओळ सापडली. मामांचं नाव आलं की तास वाढव, शेपटाचे तेवढे कमी कर. बेरीज जुळणारच! चूक नव्हे ही. नीट बसून लिहिलेली.

१८ फेब्रु.
विचारलं. दि. खाली बघत म्हणाला, "क्लासला जागा मामानंच दिली. तू कशाला उकरायलीस? अर्धा तास तर हाय."
अर्धा तास आबांचा. केसानं गळा कापला. आणि मी त्याच्यासमोर रडले, त्याचा राग जास्त.

२१ फेब्रु.
मी राहते त्या मावशीकडे दि. आला. मावशीनं जावयासारखा चहा-पोह्यांचा थाट केला. ती आत गेल्यावर म्हणाला, "ओळ काढतो. पण तू ती तपासणी पुसून टाक."
ओळ काढणारच, तर तपासणीची भीती कसली?  

२४ फेब्रु.
उद्या झरीला सभा. मशीन टेम्पोतून नेणार. आबांनी अख्खी चारी बोलावलीय. दि.नं फ्लॉपी हातात दिली, "काढली," म्हणाला. माझ्या तपासणीची फ्लॉपी पर्समध्ये आहे, पुसलेली नाही. इथंच चालवून बघता आलं असतं. हात धजला नाही.
उद्या सगळ्यांपुढे चालवीन; ओळ असेल तर तिथंच दिसेल. आबांनाच म्हणेन, नावं तुम्ही सांगा.
पहिलं नाव ते मामांचंच घेतील. सोयऱ्यांचा मान.