तीन तासांची पाहुणी

प्रिय धाकटे,

शनिवारी दुपारी आपण दोघी मागच्या पायरीवर बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायचो, आठवतं? सोमवारी सिस्टर रांगेत उभं करून बूट तपासायच्या. तू स्वतःचे अर्धेच करायचीस, उरलेला खडू माझ्या नाकाला फासून पळायचीस, आणि तुझे राहिलेले मी पुरे करायचे. मला त्याचा कधी राग आला नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे राग आहे आणि अगदी शेवटी एक मागणं आहे. तिथपर्यंत वाचल्याशिवाय पत्र फाडू नकोस. पाकिटावर मुद्दाम मी काम करते त्या सहल कंपनीचा शिक्का मारून घेतला आहे. तुझ्या सुनेने विचारलं तर अभिप्राय मागवलाय म्हणून सांग. बघ, अजूनही तुझं झाकतेच आहे.

त्या मंगळवारी कंपनीने मला नेहमीसारखा कागद दिला होता: चार माणसं, खासगी फेरी, जुनं बंदर, तीन तास. नाव तुझ्या मुलाचं, मला काय कळणार? धक्क्याच्या घड्याळाखाली मी छत्री घेऊन उभी होते. गाडीतून आधी तुझा मुलगा उतरला, मग सून, मग विहीणबाई आणि सगळ्यांत शेवटी तू. चौतीस वर्षं झाली, पण गाडीतून उतरताना आधी डावा पाय टेकवून थांबायची तुझी सवय गेलेली नाही. मी ओळखलं. तूही ओळखलंस, कारण लगेच पर्समधून काळा चष्मा काढलास. तू गेलीस तेव्हा मी शाळेत लहान मुलांना शिकवत होते, त्यामुळे मी भेटेन असं तुझ्या मनातही आलं नसणार. तो वर्ग बंद पडला. गेली एकोणीस वर्षं सिस्टरांनी घोटून घेतलेल्या इंग्रजीवर मी परक्यांना आपल्या गल्ल्या दाखवते.

तुझा मुलगा मोकळा आहे. पहिल्या पाच मिनिटांत त्याने मला सगळं सांगितलं. आमच्या आईचं माहेरही असंच बंदरावरचं, पण तिकडे आता कुणीच उरलं नाही, म्हणून ही पाच जुन्या गावांची सहल खास तिच्यासाठी. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पाण्याकडे पाहत होतीस. कुणीच उरलं नाही! मग मी म्हणाले, मॅडम, जरा जपून, दगड बुळबुळीत आहेत. त्या क्षणापासून तीन तास तू माझी मॅडम झालीस.

दोरखंडवाल्यांच्या गल्लीतून आपण वखारींकडे गेलो, तिथून कप्तानांच्या घरांच्या रांगेपाशी. तिथे विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, यांचे वडीलसुद्धा कप्तान होते हो, पांढरा गणवेश, सोनेरी बटणं! मला आधी हसूच आलं. बाबा! वखारीमागच्या शेडमध्ये मांडी घालून जन्मभर शिडं शिवणारे आपले बाबा, ज्यांना बंदराच्या भिंतीपलीकडे होडीतून नेलं तरी उलटी व्हायची. मग कळलं की तू चौतीस वर्षं का आली नाहीस. लग्नाच्या वेळी एक खोटं बोललीस आणि ते सांभाळायला आम्हा सगळ्यांना मारून टाकलंस. मी विहीणबाईंना म्हणाले, हो, इथले कप्तान मोठे रुबाबदार असत. एकदा तरी माझ्याकडे बघशील असं वाटलं. तू विचारलंस, इथे स्वच्छतागृह कुठे आहे. अगं, आपण शाळेत जात होतो तेव्हापासून ते तिथेच आहे!

फेरीच्या शेवटी बंदरकाठच्या खऱ्याखुऱ्या घरात चहा असतो. तसं कंपनीच्या पत्रकात छापलेलं आहे. ते घर आपलंच. आई खिडकीशी बसते, तळहाताला बाबांचं सुई रेटायचं चामडं बांधून जाड कापडावर टाके घालते. लोक फोटो काढतात. ते टाके रोज संध्याकाळी मी उसवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा घालता येतात. आज घर बंद आहे असं सांगून मी तुम्हाला परत फिरवू शकले असते. खरं सांगते, नाही फिरवलं. मुद्दाम आणलं तुला.

दाराची तुळई खाली आहे, वाका, असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. त्या दिवशी मी सांगायच्या आतच तुझ्या मुलाने कपाळ आपटून घेतलं. सून दचकून थांबली. त्यांच्या मागून तू आलीस, बोलता बोलता, वर न बघता, मान नेमकी तेवढीच कलती करून. विहीणबाई हसून म्हणाल्या, तुम्ही बऱ्या वाचलात हो! आईचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत, पण दाराच्या उजेडात माणसाची सावली तिला दिसते. तिची सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

चहा घेताना विहीणबाईंनी तिला सहज विचारलं, आजी, मुलं किती तुम्हाला? माझ्या हातात किटली होती. हेच ऐकायला मी तुला आणलं होतं, धाकटे. आता ती बोलेल, तुझं नाव घेईल आणि सगळं उघडं पडेल. आईने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, एकच, ही काय उभी आहे. तू बशी खाली ठेवलीस, तेवढंच. मग तुझ्या मुलाने मला फोटो काढायला सांगितला. मध्ये आई, भोवती तुम्ही चौघं. सून आजीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तू हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलास.

तुम्ही गेल्यावर कपबशा विसळताना मी आईला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, वाळली गं ती, जेवते की नाही कोण जाणे. आणि मग, मुलगा उंच आहे नाही, डोकं केवढ्यांदा आपटलं. त्या वेळी मला जो राग आला तो तुझा नव्हता, तिचा होता. एकोणीस वर्षं मी तिला आंघोळ घालते आहे, आणि ती माझ्यादेखत तुझ्यासाठी खोटं बोलली, तेही माझंच नाव पुढे करून. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग कंपनीने तुझ्या मुलाचा अभिप्राय पाठवला. गाईडबाई मनमिळाऊ, घरातली म्हातारी फार गोड. तो मी तिला वाचून दाखवला. तिने मला पुन्हा वाचायला लावला.

आता मागणं. माझ्या पोटात गाठ आहे. तेवीस तारखेला सोमवारी मला मोठ्या इस्पितळात दाखल व्हायचं आहे आणि डॉक्टरांच्या बोलण्यात परत येण्याच्या गोष्टी फारशा नाहीत. आईला अजून सांगितलेलं नाही. बाकीची वाटणी मी केली आहे. फेरीचे नकाशे आणि टिपणं कंपनीतल्या नव्या मुलीला. शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना, त्यांचं बिघडलं आहे. इंग्रजी पुस्तकं शाळेला. घर बंदर कार्यालयाचं आहे, किल्ली त्यांना परत. आणि आई तुला. सुनेला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, आई तुझ्या शब्दाला खोटं पाडणार नाही. तिला चहात दोन चमचे साखर लागते, डॉक्टरांनी नको म्हटलं असलं तरी दे. डाव्या कुशीवर निजते, म्हणून खाट भिंतीला लाव. उठल्यावर आधी पायांना तेल लावावं लागतं, नाहीतर तोल जातो. तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून ठेवले आहेत. मला न्यायला गाडी अकराला येईल. त्याआधी ये, म्हणजे तिला एकटं बसावं लागणार नाही.

तुझीच,
ताई