श्रीमती घमेला

बोईसर, शनिवार संध्याकाळ, डिसेंबर १९६७

ते बोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

बांधकामावरच्या मजुरांचे पास मुंबईच्या कॉम्प्युटरवर छापले, प्रोग्राम माझा. ओळ ठरलेली असते, पुरुषांसाठी 'श्री'ची, बायकांसाठी 'श्रीमती'ची. नावापुरती जागा मोकळी सोडायची, म्हणजे यंत्र एकेकाचं नाव तिथे भरतं. चाचणीच्या वेळी मी दोन्हीकडे त्या जागी गंमत म्हणून एक शब्द कायमचा घालून टाकला होता, 'घमेला'. हसलोही होतो. नंतर 'श्री'ची ओळ दुरुस्त केली. 'श्रीमती'ची राहिली. का राहिली? बायकांची ओळ पुन्हा बघावी असं वाटलंच नाही, दुसरं काय!

आज फाटकावर पास वाटले. वाटणारा नुसता नंबर बघून देत होता. सगळ्या बायका श्रीमती घमेला. बेटेगावची सोनी, डोक्यावरून काँक्रीट वाहणारी, पास घेऊन नेमकी माझ्याकडे आली.

"सायब, सगला इंग्रजी हाय. माजा नाव कंचा?"

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी 'घमेला'वर बोट ठेवलं. "हे."

तिनं हात पदराला पुसला आणि त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं.

सोमवारी पास परत घेईन, नवे देईन, यंत्राची चूक म्हणून सांगेन... यंत्राची! बोट तर माझं होतं.

आणि जाताना ती म्हणाली, "पोरीला दाखवीन. ती शालंत इंग्रजी शिकते."

अंधार पडलाय. पोरीनं एव्हाना वाचलं असेल.