मथुरामावशीच्या विहिरीचं पाणी

विश्रांतवाडी, पुणे
९ जुलै २००७

चि. अनिरुद्ध यास,
सप्रेम जय भीम. अक्षताला आणि बाळाला आशीर्वाद.

तुझी मथुरामावशी उपचारासाठी माझ्याकडे आली आहे. पाठ इतकी वाकली आहे, की समोरच्याचं तोंड पाहायला तिला मान तिरकी करावी लागते. डॉक्टर म्हणाले, हे वयामुळे नाही. गावच्या विहिरीतल्या फ्लोराईडमुळे हाडं अशी झाली. माझ्या दातांवरचे तपकिरी पट्टेही त्याचेच. मी दहाव्या वर्षी येरवड्याला आले, खडकवासल्याच्या पाण्यावर वाढले, म्हणून दातांवर निभावलं. अक्काला, म्हणजे तुझ्या मावशीला, गावातच दिली.

आणि परवा अक्षता फोनवर म्हणाली, की तुमच्याकडे नळाच्या पाण्यात तेच फ्लोराईड मुद्दाम घालतात! एवढे इंजिनिअर झालात, तर माझ्या नातीला काय पाजता ते जरा विचारून घ्या.

उत्तर येईपर्यंत लोभाबरोबर रागही आहे.
तुझी आई, राधा

शिकागो
३० जुलै २००७

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

बाळाच्या डॉक्टरीणबाई हसतील म्हणून भीत भीत विचारलं. त्या हसल्या नाहीत. इथे लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम असतं. तेवढ्यानं दात कमी किडतात, हाडांना अपाय होत नाही. जास्त झालं तर लहानपणी दातांवर डाग पडतात, आणि फारच जास्त, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मावशीसारखं होतं. मात्र आपलं बाळ नुसत्या पावडरच्या दुधावर आहे, म्हणून वर्षभर दुधासाठी फ्लोराईड नसलेलं पाणी वापरलेलं बरं, असं त्या म्हणाल्या. तू खडसावलं नसतंस तर आम्ही विचारलंच नसतं. सासूबाईंचे उपकार झाले, असं अक्षता म्हणते, थट्टेत नाही.

आता मावशीच्या विहिरीत किती आहे, तेही तपासून घे. आकडा हातात असला की बोलता येईल.

लोभ आहेच, राग सोडावा.
तुझा अनिरुद्ध

विश्रांतवाडी, पुणे
१४ डिसेंबर २००७

चि. अनिरुद्ध यास,
सप्रेम जय भीम.

राग केव्हाच गेला. विहिरीच्या पाण्याची बाटली आणवून प्रयोगशाळेत तपासून घेतली. साडेपाच मिलिग्रॅम! आपल्याकडे दीडच्या वर चालत नाही. ग्रामसभेत मी कागद वाचला, तर लोक म्हणाले, आमचे आजेही हेच पाणी प्यायले. तेव्हा मावशी काठी टेकत पुढे गेली आणि म्हणाली, की कागद खोटा वाटत असेल तर माझ्याकडे बघा, आणि मग आपापल्या पोरांचे दात बघा. नळाच्या ठरावाला लोकांनी तिथेच हात वर केले.

विहीर आता फक्त धुण्याला. शेजारच्या गावच्या टाकीतून नळ आला आहे. पाठ सरळ होणार नाही, हे मावशीला ठाऊक आहे. तरी तुला धन्यवाद लिही म्हणून दोनदा बजावलं. नळाचा पहिला पेला बायकांनी तिच्याच हातात दिला. या पाण्याला काही चव नाही, म्हणाली, आणि दुसरा पेला मागितला.

तिघांवरही लोभ, पूर्वीपेक्षा जास्तच.
तुझी आई