डाव्या हातातली काठी

केज,
२० ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आबांस,
उज्ज्वलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. इकडे सारे खुशाल.

फोनवरचं तुम्हाला ऐकू येईनासं झालं, म्हणून हा पत्राचा खटाटोप. बापाला पत्रं लिहिणारी लेक आख्ख्या केजात एकच, असं तुमचे जावई चिडवतात.

आबा, एक मागणं आहे. दिवाळीच्या पाडव्याला देवळाभोवती मेंढरं फिरतात, तेव्हा आपल्या घरचा ढोल यंदा मला वाजवू द्या. तुमच्या खांद्याला तो आता पेलत नाही. शहरात राहणाऱ्या आपल्या लखनदादाचा हात देवानं दिलेला, माझा तसा नाही, हे कबूल. पण लग्न होऊन आल्यापासून इथला जुना ढोल मी रोज वाड्यामागं वाजवते. सासूबाई कानात कापूस घालतात, नको मात्र म्हणत नाहीत. हे वडवणीच्या बाजाराला येतील, तेव्हा माझा व्हिडिओ मोबाइलवर दाखवतील.

माया आहे ती राहू द्यावी.
तुमची उज्ज्वला

वडवणी,
२ सप्टेंबर

चि. उज्ज्वलास, आबाचे पोटभर आशीर्वाद.

जावयांनी व्हिडिओ दाखवला. आवाज काही कानात शिरला नाही, म्हणून नुसते हात बघत बसलो. काठी तुझ्या डाव्या हातात आहे. लहानपणी माझ्या समोर बसून बघायचीस, ते आरशातल्यासारखं उलटं उचललंस.

ढोलाच्या काठीकडे बघूनच मेंढके वळतात, हे तुला ठाऊक आहे. काठी डावीकडे गेली तर कळप देवाला उलटा फिरेल. एवढ्या वर्षांचं वळण दोन महिन्यांत मोडत नसतं. तुझ्या भावाला, लखनला, गावी बोलावलं आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, जेवायला ये. तुझी आई वाट बघते.

तुझा आबा

केज,
१५ ऑक्टोबर

ती. आबांस, सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा फार रडले. मग काठी उजव्या हातात घेतली. पहिल्यांदाच ढोल बघितल्यासारखी थाप पडायची. आता भाकरी थापताना, मेंढरांमागं चालताना उजव्या मनगटात तोच ठेका धरते. चुकतो, पुन्हा धरते. सासूबाई परवा म्हणाल्या, की लई झालं आता, कशाला जीव काढतीस. तुम्हाला म्हणून सांगते. ढोल सोडला तर माझं म्हणून काही उरणार नाही, आबा.

दादा वाजवो. मी त्याच्या शेजारी उभी राहीन, तेवढ्याला नाही म्हणू नका.

तुमचीच,
उज्ज्वला

वडवणी,
५ नोव्हेंबर

चि. उज्ज्वला, सुखी राहा.

पाडव्याच्या गर्दीत तुझ्याशी बोलणं झालं नाही. लखननं सुरुवात केली तेव्हा म्हातारे माना डोलवू लागले. पण वर्षातून एकदा ढोल धरणारा तो. निम्मे कळप फिरायचे होते आणि त्याचा तळवा फुटला, काठी निसटू लागली. ढोल मध्येच थांबला तर फेरा मोडतो.

तू त्याच्या गळ्यातला ढोलाचा पट्टा आपल्या गळ्यात घेतलास, काठी उजव्या हातात धरलीस. मला ऐकू तर येत नव्हतं. मी मेंढक्यांकडे बघत राहिलो. एकजणही अडखळला नाही, उलटा वळला नाही. शेवटचं कोकरू देवळाला वळसा घालून गेलं, तेव्हा मला रडू आवरेना.

गावात अजून लखनच्याच हाताची तारीफ होते, आणि तसा हात तुला नाही, हे मीही सांगतो. लखन मात्र जाताना म्हणाला, की मला ते फुकट मिळालं, मी कधी सांभाळलंच न्हाई.

लेकीच्या सासरी घरचा ढोल धाडायची आपल्यात चाल नाही. तरी लखननं तो स्वतः घोंगडीत बांधला आणि गावातल्या पप्पूच्या जीपवर चढवला. हे पत्रही त्याच जीपनं धाडतो, ढोल उतरवून घे.

तुझा आबा