पुलापलीकडे न थांबलेली बोट

प्रिय विल्फ,

रॉडनीची बोट बुडालेली नाही. कालव्याच्या लॉकवर कामाला असलेल्या मॉरीनने आज सकाळी फोन करून तसं सांगितलं. तुझी निराशा होईल, पण खरं ते खरं. बोटीच्या पुढच्या खोलीतली गादी भिजली, मी हौसेने आधीच तिथे नेऊन ठेवलेली आपल्या आईची किटली फुटली, आणि मालक ठणठणीत आहेत.

काल दिवसभर मी त्याच्याबरोबर कालव्यावर होते. कायमचं बोटीवर राहायला जायच्या आधी एक दिवस बघावं म्हणून. कॅप्टनची टोपी घालून तो सुकाणूपाशी उभा, आणि मी साठी उलटल्यावर, पाणी अडवून बोट चढवतात-उतरवतात ते लॉकचे दरवाजे पाठीने रेटतेय. वर सूचना, "ग्वेन राणी, कंबरेतून जोर लाव." त्याची कंबर सकाळपासून सुकाणूला टेकलेली होती.

गार्ग्रेव्हच्या अलीकडचा फिरता पूल मी उघडला. रॉडनी बोट घेऊन पार झाला. मी पूल बंद केला, वळून पाहते तर बोट वळणाआड. पूल उघडणाऱ्याला घेतल्याशिवाय बोट पुढे जात नाही, हे इथल्या बदकांनाही ठाऊक आहे. अडून राहिलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काय मावशी, नवरा विसरून गेला वाटतं?" म्हटलं, "अजून नवरा झालेला नाही, देवाची कृपा."

फोनवर रॉडनी म्हणतो, "चालत ये गं, तब्येतीला बरं. मला लॉक मोकळं मिळतंय." पोचले तर साहेब काठावर दोन पर्यटक बायकांना कालव्याचा इतिहास सांगताहेत. बोटीवर कुणी नाही, लॉकमधलं पाणी भराभरा उतरतंय, बोटीचं मागचं टोक वरच्या दरवाजाच्या दगडी उंबऱ्यावर अडकलंय आणि नाक खाली चाललंय. मी धावत जाऊन खालच्या दरवाजाच्या झडपा बंद केल्या. मॉरीनने वरच्या उघडून पाणी आत घेतलं, तेव्हा कुठे बोट सरळ झाली. "अहो, सुकाणूवर माणूस नको का?" तिने त्याला विचारलं. याचं उत्तर, "हीच पुलाशी रेंगाळली."

मी बसने घरी आले.

आईच्या घराच्या विक्रीचे कागद गुरुवारी तुझ्या सहीसाठी येतील. सही करू नकोस. माझी मी केलेली नाही. तू बरोबर होतास असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, उगाच शोधत बसू नकोस. मी अजून रॉडनीला काही कळवलेलं नाही. शनिवारी तो माझं उरलेलं सामान न्यायला येईल. तू त्याच्या आधी ये, आणि दार तू उघड.

तुझीच बहीण,
ग्वेन